दुधनाकाठची जोडी

परतूर
८ जुलै २०२३

अर्पिता,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. पुण्याच्या तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर टाकतोय, कारण तुझ्या खोलीचा पत्ता माझ्याजवळ नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तू घरी आलीस. काकूंनी दिलेला तिळगूळ तू खाल्लाही नव्हतास. तो हातात धरूनच मला म्हणालीस, "सर, आपली दीपमाले आणि तो मद्रासकडचा काळा नर एकच जात निघाली. डीएनए जुळला." त्यावर मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

आपल्या दुधनेच्या काठची ती तांबडी, मखमली, पांढऱ्या ठिपक्यांची मुंगी ही मुंगीच नव्हे, बिनपंखी गांधीलमाशीची मादी आहे, हे तुला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मीच दाखवलं. या कुळात नराला पंख असतात, मादीला नसतात. रंग वेगळा, राहणी वेगळी. त्यामुळं नर ही एक जात आणि मादी ही दुसरी, असं समजून एकाच किड्याला दोन नावं ठेवण्याची चूक जगभर कितीदा तरी झाली, हेही मीच शिकवलं. तीच चूक मी केली, असं तुझं म्हणणं. मी २००१ साली मादीवरून 'दीपमाले' हे नाव ठेवलं. नराला एका इंग्रज साहेबानं सव्वाशे वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यात नाव दिलं होतं. दोन्ही एक ठरले तर जुनं नाव राहतं आणि नवं जातं. नियम मला शिकवू नकोस.

पण तो नर परतूरला नाहीच. बावीस वर्षं मी दुधनेच्या त्या दरडीवर हिंडतोय. पावसाळा सरता सरता, ऊन तापायच्या आत, हातात जाळी घेऊन. नर-मादीची जोडी तर सोडच, तो काळा नर एकटासुद्धा मला तिथं कधी दिसला नाही. तू एका सप्टेंबरात चार धरलेस.

तेव्हा दोन गोष्टी. तुझा लेख एक वर्ष थांबव. आणि माझ्याकडून नेलेल्या दोन माद्या परत पाठव.

त्या दिवशी घरात थोडं बोलणं झालं. वयामुळं माझा आवाज चढतो. तू ते मनावर घेतलंस, असं काकू म्हणतात.

पुंजाराम बिडवे
निवृत्त विभागप्रमुख, प्राणिशास्त्र


परतूर
२९ सप्टेंबर २०२३

अर्पिता,

माझ्या पत्राला उत्तर नाही. माद्याही आल्या नाहीत. त्या राहू दे.

काल बाजारात भारतराव भेटले. तुझे वडील मला दिसले की गर्दीतून वाट काढून येतात आणि दोन्ही हातांनी नमस्कार करतात, ही त्यांची जुनी रीत. काल नमस्कार केला, पण बोलायला वेळ लावला. मी विचारलं, अर्पिताचं कसं चाललंय.

"फेलोशिप बंद झाली सर," ते म्हणाले. "जुलैपासून. कुणीतरी संस्थेला पत्र टाकलं म्हणे. की हिनं नर बाहेरून आणून परतूरची लेबलं लावली. आन् डीएनए एकाच मादीच्या पायातून दोन डाव काढून एक नराचा म्हणून दाखवला. आता समिती बसलीय."

मी म्हणालो, "असं का?"

"माझी लेक खोटं लेबल लावीन का सर? तुम्हीच शिकवलेली हाये."

माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. मी म्हणालो, चौकशीत खरं काय ते बराबर बाहेर येईल. ते म्हणाले, तुम्ही म्हणता तर येईलच. आणि परत नमस्कार करून गेले.

हे पत्र एवढ्यासाठीच लिहितोय की, तू धीर सोडू नकोस. कुणी लिहिलं असेल याचा विचार करत बसू नकोस. त्यानं काही साधत नाही.

काकू विचारतात, अर्पिता दिवाळीला येणार का. मी म्हणालो, तिला सुट्टी नसेल.

बिडवे सर


परतूर
१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा

अर्पिता,

ते पत्र मी लिहिलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लिहिलं, तू आमच्या घरून गेलीस त्याला पाच आठवडे झाल्यावर. शब्द मी निवडून घातले. 'शंका घेण्यास वाव आहे.' 'नमुन्यांच्या स्थळाबाबत खात्री वाटत नाही.' विद्यार्थ्यांना अहवाल लिहायला शिकवताना मी म्हणायचो, नेमकं लिहा. ते पत्र फार नेमकं आहे.

तुझी फेलोशिप बंद होईल असं मला वाटलं नव्हतं, असं मी आत्ता लिहिणार होतो. ते खरं न्हाई. वाटलं होतं. चौकशी लागेल, दोन-तीन वर्षं जातील, तोवर लेख अडेल, आणि पुढं जे व्हायचं ते मी गेल्यावर होईल, असा माझा हिशोब होता.

दसऱ्याच्या आधी मी तुझ्या संचालकांना तक्रार मागे घेतो म्हणून कळवलं. उत्तर आलं की, तक्रारदारानं माघार घेतल्यानं चौकशी संपत नाही. आधीचं म्हणणं चुकीचं असेल तर तसा पुरावा द्यावा. मी फोन लावले. तिथली मुलगी दर वेळेस गोड आवाजात सांगते, सर मीटिंगमध्ये आहेत. मंग मी नवीन जालन्याला गेलो. आपल्या कॉलेजातून गेलेला सर्जेराव तिथं वकिली करतो. त्यानं सगळं ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलं तवा कागद तुमचा होता. आता त्यांचा झाला. आता तुमचं कोण ऐकतंय." परत येताना गाडीत उभ्यानं आलो. जागा रिकामी होती.

आणखी एक. जुलैच्या पत्रात मी 'थोडं बोलणं झालं' असं लिहिलं. काय बोललो ते लिहिलं न्हाई. मी म्हणालो होतो, मी नसतो तर तू कुठं असतीस. आणि त्यापुढं म्हणालो, तुम्हा लोकांना वर घेतलं की. ते वाक्य मी पुरं केलं न्हाई. तू तिळगूळ पाटावर ठेवून उठलीस. अर्ध्यातच तुला पुरं समजलं होतं. माझ्या तोंडून ते इतकं सहज कसं आलं, याचा मी दहा महिने विचार करून राह्यलो. सहज आलं, कारण आत होतं. तुला शिकवताना, तुझ्या आईच्या हातचं जेवताना, भारतरावांचा नमस्कार घेताना ते आत होतंच.

माफ कर असं लिहायला हात धजत न्हाई.

पुंजाराम


परतूर
६ जानेवारी २०२४

अर्पिता,

समितीला पुरावा पाहिजे. त्या दरडीवर तो काळा नर असतो, एवढं कुणी दाखवलं तर तुझी लेबलं खरी ठरतात. मी म्हणालो होतो, असं काही मी कधी पाह्यलं न्हाई. ते खोटं आहे. मी जोडी पाह्यली आहे. धरलीही आहे.

पण आधीचं सांगतो, म्हणजे तुला कळेल. तू आमच्या घरात आमच्या लेकीचा, दीपमालाचा फोटो पाह्यलायस. बाकीचं आम्ही कुणाशी बोलत न्हाई.

ती आठ वर्षांची होती. सत्त्याण्णवचा ऑक्टोबर. रविवारी मी तिला दरडीवर नेलं होतं. मी वरच्या अंगाला भुंगेरे शोधत होतो, ती खाली खेळत होती. एकदम किंचाळली. तिनं ती मखमली मुंगी चिमटीत धरली होती, आणि मुंगीनं डंख मारला होता. त्या डंखानं मोठा माणूस कळवळतो. पोर संध्याकाळपर्यंत रडली, पण तिनं ती सोडली न्हाई, रुमालात गुंडाळून ठेवली. घरी आल्यावर बाटलीत टाकली. बोट सुजलेलं, डोळे सुजलेले, आणि मला विचारते, "अप्पा, हिचं नाव काय?"

मी पुस्तकं काढली. सापडेना. म्हणालो, "हिला अजून नाव न्हाई बहुतेक."

"मंग ठेवा की."

पुढच्या ऑगस्टात तिला मेंदूज्वर झाला. चौथ्या दिवशी ती गेली.

तीन वर्षं मी दुसरं काही केलं न्हाई. दिवसा कॉलेज आणि उरलेला वेळ ती एक मुंगी. कलकत्त्याला गेलो, मद्रासला गेलो, जुन्या पेट्या पाह्यल्या. माद्या जेवढ्या होत्या तेवढ्यांशी ताडून पाह्यली. नराशी ताडायचं सुचलं न्हाई. सुचलं असतं तरी केलं असतं का, सांगता येत न्हाई. दोन हजार एकला छापून आलं. लॅटिनच्या रीतीनं बाईच्या नावाला शेवटी ए लागतो, म्हणून दीपमालाचं दीपमाले झालं. अंक घरी आणला. काकू शाळा चौथीपर्यंत शिकल्यात. त्यांनी मला त्या नावावर बोट ठेवायला लावलं, आणि मी सांगितलं ते ऐकून म्हणाल्या, "ही तर हाक मारल्यावानी झाली. दीपमाले."

तेव्हापासून दर वर्षी त्या माझ्याबरोबर दरडीवर येतात. एखादी मादी मातीवरून धावताना दिसली की हळूच तशी हाक मारतात. मोठ्यानं न्हाई. मी ऐकलं न ऐकलं करतो.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात काकू बाभळीखाली डबा सोडत होत्या. मी पंधरा पावलांवर होतो. काळा नर मादीला उचलून भुईवरून उडाला आणि ढेकळावर बसला. मी जाळी टाकली. दोघं एकमेकांना धरलेली, तशीच बाटलीत गेली. नर पाहताच मला समजलं. मद्रासला मी तोच पाह्यला होता, काचेखाली, जुन्या लेबलासकट. काकूंनी विचारलं, काय धरलं. मी म्हणालो, काही न्हाई, माशी होती.

ती जोडी मी टाचणीला लावली. लेबल लिहिलं, तारीख लिहिली, जागा लिहिली. बिनलेबलाचा किडा ठेवणं माझ्याच्यानं झालं न्हाई. डबीत घालून कपाटात मागं सारली. तेव्हापासून ती डबी उघडली न्हाई.

त्या डबीनं तू सुटतेस. त्या डबीनं ते नाव जातं. काकू यंदा त्रेसष्ट वर्षांच्या झाल्या. त्यांना मी काय सांगू?

आज सकाळी कपाटाची किल्ली काढली होती. परत ठेवली. डबी पाठवतो असं मी लिहीत न्हाई, कारण पाठवीन का न्हाई, मला माहीत न्हाई.

पुंजाराम


परतूर
२१ मार्च २०२४

अर्पिता,

अठराला समितीसमोर गेल्तो. तू तिथं असशील असं वाटलं होतं. तू लेखी म्हणणं देऊन नोकरीसाठी हैदराबादला गेलीस, असं शिपायानं सांगितलं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी डबी काढली. झाकण उघडलं. आत टाचणी होती, तिच्यावर लेबल होतं, माझ्या अक्षरातलं, स्वच्छ. आणि तळाला तपकिरी भुसा. डांबरगोळ्या कधीच्या उडून गेल्या होत्या. पेट्यांतले वाळलेले किडे खाणाऱ्या त्या बारीक भुंगेऱ्यांच्या अळ्या मी तुम्हाला दर वर्षी दाखवायचो. म्हणायचो, सहा महिन्याला पेटी उघडून बघा, न्हाई तर संग्रह गेला समजा. वीस वर्षं मी ती डबी उघडली न्हाई. भुशात पंखाचा एक तुकडा होता, नखाएवढा. त्यावरून जात सांगता येत न्हाई.

तरी घेऊन गेलो.

तीन जण होते. मी सगळं सांगितलं: चार सालची जोडी, डबी, माझं पत्र, त्याचं कारण. दीपमालाचंही सांगितलं. ऐकताना त्यांच्यातली एक बाई खाली बघत होती. अध्यक्षांनी डबी हातात घेतली, लेबल वाचलं, डबी हलवली.

"सर, हा भुसा कशाचा आहे?"

"त्याच जोडीचा."

"हे तुम्ही म्हणता." ते काही वाईट माणूस न्हाईत, माझ्याच वयाचे आहेत, आवाज मऊ होता. "मागच्या वर्षी तुम्ही लेखी दिलंत की तिथं नर नसतो. आज म्हणता, असतो. दोन्ही वेळेस तुम्हीच एकटे साक्षीदार. कोणत्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवायचा?"

मी म्हणालो, "आजच्या."

"का?"

चाळीस वर्षं शिकवलेला माणूस मी, तीन लोकांसमोर त्या भुशाकडं बोट करून उभा राह्यलो. दहा मिनिटांत मला बाहेर बसवलं. तासाभरानं शिपाई म्हणाला, तुम्ही जाऊ शकता.

निकाल तुला माझ्याआधी कळला असेल. 'आरोप सिद्ध नाही, निर्दोष असल्याचेही सिद्ध नाही.' फेलोशिपची मुदत मध्येच सरली, आता नव्यानं अर्ज करायचा तर वयाची अट आडवी. हे भारतरावांकडून ऐकलं. माझ्या पत्राचं त्यांना तेव्हाही सांगितलं न्हाई. ते नमस्कार करून गेले.

म्हणजे आता असं झालं, की तुझा लेख कुणी छापणार न्हाई, आणि दीपमालाचं नाव सुरक्षित आहे. मला हवं होतं तेच झालं. घरी आल्यापासून मी त्या फोटोकडं बघू शकलो न्हाई.

पुंजाराम


परतूर
२ ऑक्टोबर २०२४

अर्पिता,

हे पत्र आणि बरोबरची बाटली भारतराव स्वतः घेऊन येतायत. बाटली आधी सावलीत ठेव. आत दोघं जिवंत आहेत. कापसाच्या बोळ्याला मधाचं पाणी लावलंय.

आता काय झालं ते सांगतो.

पुण्याहून आलो आणि पाच महिने गप्प राह्यलो. काकूंनी विचारलं की पोट बरं न्हाई म्हणायचो. राखी पुनवेला त्या तुझं नाव घेऊन म्हणाल्या, पोरीनं आपल्याकडं येणंच सोडलं, तुम्ही कायतरी बोलला असाल तिला. तेव्हा मी सगळं सांगितलं, चार सालच्या जोडीपासून. नावाचंही. म्हणालो, "ती जात आपल्या दीपमालाची न्हाईच. आधीच दुसऱ्याचं नाव होतं. मला वीस वर्षांपासून माहीत होतं. तुझ्यासाठी लपवलं."

काकू तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या न्हाईत. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "माझ्यासाठी?"

"तुला ती हाक मारता यावी म्हणून."

"मी कवा म्हणले तुम्हाला, माझ्या लेकीच्या नावासाठी दुसऱ्याच्या लेकीचं वाटोळं करा म्हणून?"

मी उठायला लागलो.

"माझं नाव घालू नका त्यात," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही तुमच्यासाठी केलं."

चार दिवस त्यांनी मला जेवायला वाढलं, पण शब्द बोलल्या न्हाईत. पाचव्या दिवशी विचारलं, "ती जोडी परत घावत न्हाई का?"

मी म्हणालो, तेवीस वर्षांत एकदाच घावली. आणि आता माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं धूसर दिसतं.

"माझे डोळे चांगलेत," त्या म्हणाल्या.

ऑगस्टच्या शेवटापासून आम्ही रोज सकाळी जायला लागलो. कडूबाची रिक्षा पुलापर्यंत सोडते, तिथून पायी. पाऊस झाला की दरड निसरडी होते, मंग काकू साडीचा ओचा खोचून बसत बसत उतरतात. माद्या दिसायच्या, कधी दोन, कधी एक. काकू आता हाक मारत न्हाईत. नुसतं बोट दाखवतात. चार आठवडे नर दिसलाच न्हाई. मी म्हणालो, सोडून देऊ. त्या म्हणाल्या, तुम्ही घरी बसा, मी जाते. मंग मी कसा बसतो.

रविवारी, एकोणतीस तारखेला, सव्वानऊच्या सुमाराला मी जाळी टेकवून बसलो होतो. काकू वीसेक हात पलीकडं होत्या. त्यांनी मला हाक मारली न्हाई. मी वळून पाह्यलं तर त्या जमिनीवर बसलेल्या, आणि पाणी प्यायचं फुलपात्र मातीवर पालथं घालून त्यावर दोन्ही हात ठेवलेले.

मी जवळ गेलो. आतून आवाज येत होता. ही मादी धरली की चीं-चीं करते, तुला माहीत आहे.

"दोघंबी आहेत," काकू म्हणाल्या. "काळा तिला घेऊन उतरला."

मी बाटली काढली, पुठ्ठा काढला. म्हणालो, हात काढ, मी पुठ्ठा सारतो. त्यांनी हात काढले न्हाईत. नदीकडं बघत बसल्या. आवाज चाललाच होता. मला वाटलं, आता या फुलपात्र उचलतील आणि सोडून देतील. तसं त्यांनी केलं असतं तर मी अडवलं नसतं, हेही तुला सांगतो. आणि मला तसंच व्हावं असं वाटत होतं, हेही.

मंग त्या म्हणाल्या, "सारा पुठ्ठा. जल्दी करा, गुदमरतील."

लेबलावर धरणाऱ्याचं नाव मी 'पुष्पाबाई बिडवे' असं घातलंय. सही त्यांनी स्वतः केली. फोटो काढून, तारीख-वेळ घालून तुझ्या संस्थेलाही पाठवले. काल उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे. एवढी एकच ओळ.

काल संध्याकाळी बाटली घेऊन भारतरावांकडं गेलो. मी कधी त्यांच्याकडं आपणहून गेलो नव्हतो, बोलावलं तरच जायचो. त्यांनी खुर्ची दिली. मी उभ्यानंच सांगितलं की ते पत्र माझं होतं.

ते म्हणाले, "मला माहीत हाये सर. मार्चात निकालाच्या कागदात तुमचं नाव होतं."

"मंग तुम्ही बाजारात मला नमस्कार..."

"रोज वाटायचं, आज सांगतेल. म्हणून थांबत होतो तुमच्यापाशी." मंग ते आत गेले, पाणी आणलं, माझ्या हातात दिलं. म्हणाले, "बाटली मी नेतो. पोस्टात फुटंल. सिकंदराबादच्या गाडीचं तिकीट काढतो." एवढंच. नमस्कार केला न्हाई.

लेख तू लिही. तुझ्या एकटीच्या नावानं. त्यात जे नाव रद्द करायचं ते कर, आणि कारण म्हणून माझी चूक जशी आहे तशी लिही. फेलोशिप मी परत आणू शकत न्हाई. गेलेली दोन वर्षं आणू शकत न्हाई. मी काय काय करू शकत न्हाई याची यादी आता माझ्याजवळ पुष्कळ मोठी आहे, ती तुझ्यापुढं वाचत न्हाई.

पुंजाराम


हैदराबाद
९ नोव्हेंबर २०२४

सर,

तुमची आधीची पाच पत्रं मी फोडली नव्हती. संस्थेनं पुढं पाठवली तशी ड्रॉवरमध्ये टाकत गेले. बाबांनी बाटली आणली त्या दिवशी सगळी एकदम वाचली. तुमचं नोव्हेंबरचं पत्र समितीला दाखवलं असतं तर काही झालं असतं का, माहीत नाही. ते न फोडणं माझं होतं.

मी इथं एका बियाण्यांच्या कंपनीत आहे. साठवलेल्या बियाण्यातले किडे ओळखते. दिवसाला सत्तर-ऐंशी पाकिटं. प्रयोगशाळा माझी नाही, पण एका मैत्रिणीनं रविवारी तिच्या विद्यापीठात डीएनए करून दिला. नर आणि मादी एकच जात आहे. त्यात शंका नाही. लेख लिहायला घेतला आहे. कुठं घेतील, घेतील का, सांगता येत नाही. विचारणा केली तेव्हा एका संपादकांनी समितीचा निकाल मागवला.

रद्द झालेलं नावही यादीतून पुसलं जात नाही, जुन्या नावाखाली बारीक अक्षरात कायम राहतं, हे तुम्हाला माहीत आहे. काकूंना माहीत नसेल. त्यांना सांगा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जे म्हणालात, ते तुम्ही नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलंत. वाचलं. ते मी विसरले नाही आणि विसरेन असं वाटत नाही. तुम्ही मला शिकवलंत, तेही विसरत नाही. या दोन्हींचं काय करायचं ते मला समजत नाही. सध्या मला पत्र लिहू नका. समजलं की मी लिहीन.

काकूंचं लेबल मी तसंच ठेवलं आहे, त्यांच्या सहीसकट. दुसरं छापलं नाही.

नर इथं पोचला तेव्हा मेलेला होता. मादी बावीस दिवस जगली. खोलीच्या खिडकीत ठेवली होती, सकाळी उन्हात यायची, मधाचं पाणी प्यायची. तपासणीसाठी लगेच मारायची असते. मी तिला मारलं नाही. ती तिची गेली, मग मी डीएनएसाठी तिचा पाय काढला.

अर्पिता भारत वाहुळ